पाण्याचा साचा

परवा भाचा आला होता, सातवीतला, आणि माझ्या टेबलावरचा पांढरा तुकडा उचलून म्हणाला, "मावशी, हा थर्माकोल आहे का गं?" मी म्हटलं जवळपास आहे, कारण खरंच दोन्ही पॉलिस्टायरीनच, एकाच खानदानातले. पण मग त्याला बसवलं आणि एक गंमत दाखवली. थर्माकोलचा एक तुकडा घेतला, माझा तुकडा घेतला, आणि दोन्हीवर ड्रॉपरने साध्या पाण्याचा एक एक थेंब सोडला. दोन्हीवर थेंब अळूच्या पानावर बसतो तसा गोल बसून राहिला. मग लाल रंग घातलेलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेतलं, तेच ते सॅनिटायझरमधलं, त्याचा थेंब सोडला. थर्माकोलवरून ते नुसतं ओघळलं, आणि माझ्या तुकड्यात मात्र थेंब टेकला न टेकला तोच गायब, वरती फक्त एक लाल ठिपका, तोही बघता बघता पसरत गेला. ब्लेडने तुकडा कापून दाखवला तर आत खोलवर लाल. पोरगं दोन मिनिटं काही बोललंच नाही, मग म्हणालं, "आत भोकं आहेत?"

भोकं आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जाता येतं. थर्माकोलमधे पण पोकळीच भरलेली असते पण तिथला प्रत्येक बुडबुडा चहूबाजूंनी बंद. आई अनारसे तळते तेव्हा म्हणते ना, "जाळी पडली पाहिजे", तसं थर्माकोलला फुगवटा आहे पण जाळी नाही, आणि ह्या तुकड्याला जाळी आहे. ह्याला पॉलीहाइप म्हणतात आणि ही जाळी पाडण्यासाठी ना सोडा लागतो ना गॅस ना वाफ, ती पडते पाण्याने. ह्यावरच आज लिहायचंय, कारण पीएचडीची पाच वर्षं मी हेच केलं आणि मराठीत ह्याबद्दल कुणी गप्पा मारताना मला दिसत नाही.

कल्पना अगदी जुनी आहे खरं तर. पितळेची मूर्ती ओततात तेव्हा आधी मेणाची करतात, तिच्यावर मातीचं कवच, मग तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी धातू ओतायचा. मेण जातं, आकार राहतो. आमच्यात मेणाच्या जागी पाण्याचे थेंब असतात. तेलकट द्रवात पाण्याचे असंख्य थेंब कोंबून बसवायचे, बाहेरचं तेल घट्ट करून त्याचं प्लॅस्टिक करायचं, आणि मग पाणी काढून टाकायचं. जिथे थेंब होता तिथे पोकळी. बस एवढंच. पण मेण आपल्या जागी गुपचूप बसून राहतं, आणि पाण्याचे थेंब बसत नाहीत, ते एकमेकांना भेटायला बघतात, सगळी मेहनत तिथेच आहे.

हे समजायला लोण्याकडे बघा. साय म्हणजे पाण्यात तरंगणारे तुपाचे थेंब. ती रवीने घुसळत राहिलो की एका क्षणी रवी जड होते, आवाज बदलतो, आणि लोणी वर येतं. त्या क्षणी उलटापालट झालेली असते: आता तूप बाहेर आणि पाण्याचे बारीक थेंब त्याच्या आत अडकलेले. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतंच, म्हणून तर तूप कढवताना ते तडतडतं. तर आत कोण आणि बाहेर कोण हे कशावर ठरतं, हा आमच्या विषयातला पहिला प्रश्न, आणि त्याचं मोठं उत्तर १९१३ साली बॅनक्रॉफ्ट ह्या रसायनशास्त्रज्ञाने दिलं, की साबणासारखा जो पदार्थ आपण घालतो, सर्फॅक्टंट, तो ज्या द्रवात जास्त रमतो तो द्रव बाहेर राहतो. आम्ही वापरतो तो स्पॅन ८०, दिसायला पातळ काकवीसारखा, आणि तो तेलात रमणारा. म्हणून तेल बाहेर, पाणी आत.

आता पाणी किती घालायचं? तर इथेच ती "हाइप"ची गंमत. हातगाडीवर संत्री रचतात ती पाहिलीयेत ना, खालच्या चारांच्या खोबणीत वरचं एक. एकसारखे गोळे ह्याहून दाट रचताच येत नाहीत आणि तरी त्या ढिगात फक्त ७४ टक्के जागा संत्र्यांनी भरलेली असते, बाकी हवा. केप्लरने १६११ साली हे सांगून ठेवलं होतं आणि त्याची सिद्धता थॉमस हेल्सने १९९८ साली दिली, एवढा वेळ गेला त्याला! तर एका द्रवात दुसऱ्याचे थेंब असलेलं असं मिश्रण म्हणजे इमल्शन, आणि त्यात आतला द्रव ७४ टक्क्यांच्या वर गेला की त्याला हाय इंटर्नल फेज इमल्शन म्हणतात, एचआयपीई, हाइप. तिथे थेंब गोल राहूच शकत नाहीत, लहानमोठे होऊन एकमेकांच्या फटीत शिरतात, एकमेकांना दाबून चपटे होतात, आणि मधे तेलाचा फक्त पापुद्रा उरतो. मेयोनीज हे ह्याचंच उलटं रूप, त्यात तेल आत. चमच्यावर उलटं धरलं तरी पडत नाही ते ह्याच दाटीमुळे. मी करायचे ते ९० टक्क्यांचं. म्हणजे १० भाग तेलात ९० भाग पाणी, आणि तरी तेल बाहेर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे खोटंच वाटलं होतं.

रेसिपी सांगते, ही आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असते. तेल म्हणजे ९ मिली स्टायरीन, १ मिली डायव्हिनाइलबेन्झीन, हे दुसरं साखळ्या एकमेकींना गाठी मारून बांधतं, म्हणूनच माझा तुकडा अॅसिटोनमधे टाकला तरी विरघळत नाही आणि थर्माकोल मात्र क्षणात बसतो. त्यात २ ग्रॅम स्पॅन ८०. दुसऱ्या बाजूला ९० मिली पाणी, त्यात ०.२ ग्रॅम पोटॅशियम परसल्फेट, जे तापल्यावर पॉलिमर व्हायची सुरुवात करून देतं, आणि १ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, हेही एक मीठच. वरून फिरणारा स्टरर, त्याला टेफ्लॉनचं डी आकाराचं पॅडल, फेरे मिनिटाला ३०० च्या आसपास. आणि मग पाणी थेंब थेंब.

माझ्या पहिल्या वेळी मी ते थेंब थेंब केलं नाही. संध्याकाळ झालेली, दुसऱ्या दिवशी ग्रुप मीटिंग होती, निम्मं पाणी छान आत गेलं आणि मला वाटलं की आता जमलंच, म्हणून ड्रॉपिंग फनेलचा कॉक पूर्ण उघडला. फ्लास्कमधलं पांढरं सायीसारखं मिश्रण बघता बघता पातळ झालं, पॅडलचा आवाज बदलला, आणि स्टरर बंद केल्यावर दोन मिनिटांत खाली पाणी वर तेल. सरांनी बघितलं, रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "पाणी ओतायचं नसतं, सोडायचं असतं. आधीचा थेंब बसल्याशिवाय पुढचा देऊ नकोस." तेव्हापासून मी ते ९० मिली पाणी तासभर घेऊन सोडायचे आणि डोळे कधी फनेलवर कधी पॅडलवर. हळूहळू मिश्रण दुधासारखं, मग सायीसारखं, मग टांगून ठेवलेल्या चक्क्यासारखं होतं, शेवटी शेवटी पॅडलच्या मागे चर पडतो आणि तो लगेच भरून येत नाही. हा चर दिसला की मला अजूनही आनंद होतो, इतक्या वर्षांनी.

दुसरी फजिती कॅल्शियम क्लोराइडची. एका बॅचला ते घालायचंच राहिलं, वहीत टिकमार्क केलेला पण बाटली तशीच. इमल्शन झालं, दिसायला चांगलं, बाटलीत भरलं, ६० अंशाच्या ओव्हनमधे ठेवून घरी गेले. सकाळी येऊन बघते तर बाटलीच्या तळाशी बोटभर पाणी आणि वरचा तुकडा इतका ढोबळ की नुसत्या डोळ्यांना भोकं दिसत होती. त्या दिवशी मीठ का घालतात ते नीट समजलं. लहान थेंबातलं पाणी तेलाच्या पापुद्र्यातून हळूहळू निसटून मोठ्या थेंबात जात असतं, लहान अजून लहान आणि मोठा अजून मोठा, ह्याला ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. पाण्यात मीठ असलं की थेंब आक्रसायला लागल्याबरोबर आतलं मीठ दाट होतं आणि पाण्याला मागे ओढून धरतं. एक ग्रॅम मीठ रात्रभर सगळ्या थेंबांना आपापल्या जागी धरून ठेवतं. खरी शर्यत ही आहे, इमल्शन आधी फुटतंय का तेल आधी घट्ट होतंय. आपल्याला इमल्शन कायमचं टिकवायचं नसतंच, काही तास टिकलं की पुरे, एकदा बाहेरचं जेल झालं की थेंब कुठे जाणार.

ओव्हनमधून दोन दिवसांनी काढलेली बाटली करवतीने कापायची, आतून पांढरा ओला दंडगोल निघतो, हातात घेतला की थंड आणि जड, कारण सगळं पाणी अजून आत आहे. मग सॉक्सलेटमधे, म्हणजे पुन्हा पुन्हा ताजा द्रव सोडून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात, एक दिवस पाणी, एक दिवस अल्कोहोल, सगळा स्पॅन निघून जाईपर्यंत, आणि मग व्हॅक्यूम ओव्हन. वाळल्यावर तोच १०० मिलीचा दंडगोल साधारण नऊ ग्रॅमचा उरतो. हातावर ठेवला की हात चुकल्यासारखा वर जातो, डोळ्यांनी जेवढं वजन धरलेलं असतं तेवढं नसतंच ना.

पहिला चांगला तुकडा मी एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, बघितला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, मशीनचा स्लॉटच तेवढा मिळालेला. आधी करड्या रंगाचं काहीतरी, मग फोकस आला आणि मी खुर्चीतून पुढे सरकले. गोल गोल खोल्या, एकीला लागून दुसरी, आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीत खिडक्या. एका खिडकीतून बघावं तर पलीकडच्या खोलीच्या खिडक्या, त्यातून तिसरी खोली. खोली १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), खिडकी दोन-तीन मायक्रॉनची. नंतर हिशोब केला, ९० मिली पाण्याचे १० मायक्रॉनचे थेंब केले तर ते सतरा हजार कोटींच्या आसपास होतात, आणि ते सगळे मी एका पॅडलने एका संध्याकाळी केले होते.

पण खिडक्या का पडतात? थेंब तर वेगळे वेगळे होते, मधे तेलाचा पापुद्रा होता, तो सगळीकडे घट्ट झाला असता तर थर्माकोलसारख्या बंद खोल्याच मिळायला हव्या होत्या. ह्यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंचे लोक ठाम असतात. एक असं की स्टायरीनची घनता ०.९१ च्या आसपास आणि पॉलिस्टायरीनची १.०५, म्हणजे घट्ट होताना ते साधारण १४ टक्के आक्रसतं, आणि जिथे पापुद्रा सगळ्यात पातळ तिथे तो फाटतो. नील कॅमरन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली पॉलिमर होत असताना मधेमधे नमुने गोठवून बघितले आणि जेल व्हायच्या सुमाराला खिडक्या उघडतात असं दाखवलं. दुसरं मत असं की पापुद्रे शेवटपर्यंत असतात आणि धुताना, व्हॅक्यूममधे वाळवताना ते फुटतात. माझा कल पहिल्याकडे, पण स्पॅन कमी केलेल्या माझ्याच काही नमुन्यांत फाटके लोंबते पापुद्रे मी बघितलेत, त्यामुळे दुसऱ्या बाजूला सरळ चूक म्हणायला जीभ रेटत नाही. स्पॅन जितका जास्त तितका पापुद्रा पातळ आणि खिडक्या जास्त, हे मात्र कुठल्याही लॅबमधे करून बघा, येतंच.

पॉलीहाइप हे नाव युनिलिव्हरच्या पेटंटमधलं, बार्बी आणि हक ह्या दोघांचं, १९८२ चं. द्रव शोषून घेणं, गाळणं, रसायनांना आधार देणं असे उपयोग सुरुवातीपासून डोक्यात होतेच, पण मला सगळ्यात आवडतो तो पेशी वाढवण्याचा. लॅबमधे पेशी वर्षानुवर्षं सपाट प्लॅस्टिकवर वाढवल्या जातात आणि त्या बिचाऱ्या तिथे पोळीसारख्या पसरतात, शरीरात कुठे असं सपाट असतं? इंग्लंडात डरहॅम विद्यापीठात ह्याच पॉलिस्टायरीन पॉलीहाइपच्या चकत्या करून त्यावर पेशी वाढवायचं तंत्र उभं राहिलं, अल्व्हेटेक्स नावाने ते बाजारात आलं. चकतीची जाडी २०० मायक्रॉन. त्याहून जाड केली तर आतल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन आणि अन्न नीट पोचत नाही. इथे खोल्याही मोठ्या लागतात, ४० मायक्रॉनच्या आसपास, पेशीला आत शिरता आलं पाहिजे ना, आणि त्यासाठी ते पाणी गरम करून सोडतात, म्हणजे थेंब थोडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. म्हणजे जे मी फजिती म्हणून बघितलं तेच तिथे मोजूनमापून वापरलंय.

स्पॅन धुण्यात जातात ते दोन दिवस आणि ते सगळं अल्कोहोल मला कायम खुपायचं. तेलाच्या पाचव्या हिश्श्याएवढं काहीतरी घालायचं आणि नंतर काढून फेकायचं. ह्याला पर्याय म्हणजे साबणाऐवजी बारीक कण वापरायचे, सिलिका किंवा टायटॅनियाचे. रॅम्सडेनने १९०३ साली आणि पिकरिंगने १९०७ साली हे लिहून ठेवलंय, नाव पिकरिंगचं लागलं. कण तेल आणि पाण्याच्या सीमेवर जाऊन बसतो आणि बसला की उठत नाही. साबणाचा रेणू सारखा ये-जा करत असतो, पण १० नॅनोमीटर त्रिज्येचा कण सीमेवर बरोबर मधोमध बसला असेल तर त्याला तिथून ओढून काढायला उष्णतेच्या साध्या धक्क्याच्या हजारो पट ऊर्जा लागते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधे बिस्मार्क यांच्या गटाने २००८ च्या सुमाराला नुसत्या सिलिकाच्या कणांवर ९२ टक्क्यांपर्यंतचं हाइप उभं करून दाखवलं. फक्त एक अडचण, कणांची भिंत इतकी पक्की की खिडक्या पडत नाहीत, खोल्या बंद राहतात. मजबुती हवी तर हे उत्तम, जाळी हवी तर पुन्हा थोडा सर्फॅक्टंट घालायला लागतो.

आता मी जे काम करते ते ह्याच्या बरोबर उलटं. इतकी वर्षं थेंब काढून टाकला आणि भिंत ठेवली, आता थेंबच ठेवायचा असतो आणि त्याच्याभोवती पातळ कवच करायचं. मायक्रोकॅप्सूल. पावतीपुस्तकं येतात ना, कार्बन पेपर न घालता खाली कॉपी उठणारी, ती ह्याची पहिली मोठी कमाई. १९५० च्या दशकात अमेरिकेत एनसीआर कंपनीत बॅरेट ग्रीन यांनी जिलेटीन आणि डिंकाच्या कवचात तेलात विरघळवलेला रंगहीन डाय भरला, वरच्या कागदाच्या पाठीला कॅप्सूल, खालच्या कागदाला मातीचा थर, पेनचा दाब पडला की कॅप्सूल फुटते, डाय मातीला लागतो आणि अक्षर उमटतं. कपड्याच्या कंडिशनरचा वास टॉवेल घासल्यावर पुन्हा येतो तोही ह्यातलाच प्रकार.

माझ्या बाकावर पॉलियुरियाची कवचं असतात. तेलात आयसोसायनेट विरघळवायचं, पाण्यात होमोजिनायझरने त्याचे थेंब करायचे, मग पाण्यात अमाइन सोडायचं. दोघं भेटतात ते फक्त थेंबाच्या कातडीवर, आणि तिथेच भिंत होते, काही मिनिटांत. भिंत झाली की तीच दोघांना एकमेकांपासून तोडते, म्हणून ती आपोआप पातळच राहते. मायक्रोस्कोपखाली थेंबाची कड आधी गुळगुळीत असते, मग किंचित सुरकुतते, आणि स्लाइड वाळायला लागली की एखादी कॅप्सूल चेपलेल्या चेंडूसारखी आत जाते.

मागच्या जूनमधे गावी गेले होते, लातूरकडे, सोयाबीन पेरून झालेलं. बाबांच्या हातात तणनाशकाची बाटली, पेंडिमिथॅलिन ३८.७ टक्के सीएस. ते सीएस म्हणजे कॅप्सूल सस्पेन्शन, मी उडालेच, म्हटलं बाबा हे माझंच काम आहे. बाबा म्हणाले, "असं होय? मग सांग बरं, पूर्वीच्या औषधानं हात पिवळे व्हायचे, वास यायचा, ह्यानं तेवढं होईना, ते कशानं?" सांगितलं की पूर्वीच्या ईसीमधे, म्हणजे तेलकट द्रवात विरघळवलेल्या औषधात, औषध उघडं असायचं, उन्हात उडून जायचं, हाताला लागायचं, आता ते कवचात आहे, पाणी वाळल्यावर हळूहळू बाहेर येतं. त्यांनी बाटली हलवली, थोडं झाकणात ओतून उन्हात धरून बघितलं, पिवळट दुधासारखं. "ह्यात दिसंना तर काही." दिसणार कसं, काही मायक्रॉनची ती.

मग टाकीत पाणी ओतता ओतता त्यांनी विचारलं, "औषध बाहेर आलं, तण मेलं, समजलं. कवच कुठं जातंय?"

त्याचं उत्तर दिलं, की ते लवकर कुजत नाही, मातीत राहतं. युरोपने २०२३ च्या ऑक्टोबरपासून मुद्दाम घातलेल्या मायक्रोप्लॅस्टिकवर बंधनं आणली आहेत, वासाच्या कॅप्सूलना २०२९ पर्यंतची मुदत आहे, आणि त्यामुळे आमच्यासारखे सगळेच आता कुजणाऱ्या भिंतीच्या मागे लागलेत. बाबा म्हणाले, "मग ते कर की लवकर," आणि पंप पाठीला लावून शेतात उतरले.

सध्या कायटोसान, कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारा कुजणारा पदार्थ, घेऊन करतेय. भिंत छान होते, मायक्रोस्कोपखाली गोल, स्वच्छ, पण चौथ्या दिवशी तेल बाहेर यायला लागतं, बाटलीच्या गळ्याशी पिवळी कडी दिसते. काल भिंतीत थोडी सिलिका बसवून एक बॅच लावलीये. गुरुवारी चौथा दिवस आहे.